खोडलेले दोन पत्ते

चंद्रावरच्या शुभ्रतळ वसाहतीत केतकीच्या पाच दिवसांच्या भावाची काचपेटी गार होत चालली होती. अपुऱ्या दिवसांचं बाळ, पेटीतून बाहेर काढायचीही सोय नाही. आणि पेटी सांभाळणारा यंत्रमानव तिकू ढिम्म उभा!

"तिकू, ऊब दे ना रे!" केतकी रडकुंडीला आली.

"साडेछत्तीस अंश की अठरा? सूचनांच्या कागदात दोन तापमानं आहेत. 'बाळ' आणि 'रोप' या खुणा कोणाच्या, ते कळत नाही. अंदाजाने किंवा तोंडी सांगण्यावरून मी काही करणार नाही."

वसंतआजोबा धापा टाकत आले. वसाहतीचे सगळे स्कीमा (कागदात काय, कसं लिहायचं याचे नियम) त्यांनीच लिहिलेले. "कागदाला कोणी हात लावला?"

शुभ्रतळात संदेशाचं अक्षर न् अक्षर जपून वापरतात, म्हणून सगळ्या विभागांचा मिळून एकच कागद. आज सकाळी केतकीने त्यातले वरचे, संकेतस्थळांसारखे दिसणारे दोन लांबलचक पत्ते खोडले होते. शाबासकी मिळेल, असं तिला वाटलं होतं.

"मी खोडले, आजोबा. ते उघडतच नव्हते."

आजोबा रागावले नाहीत. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"अगं, ते उघडायला नसतातच! तापमान दवाखान्यालाही लागतं, रोपवाटिकेलाही. म्हणून प्रत्येकाचं वेगळं नेमस्पेस (नावांचं कुटुंब). तो पत्ता म्हणजे त्या कुटुंबाचं नाव, दुसऱ्या कोणाचंच नसलेलं. दरवेळी एवढं कोण लिहिणार? म्हणून वर एकदाच जाहीर करायचं, 'बाळ' म्हणजे हा पत्ता, 'रोप' म्हणजे तो. मग खाली नुसतं 'बाळ:तापमान' लिहिलं तरी पुरतं. लिही आता."

आजोबा जुन्या प्रतीतून वाचत गेले, केतकी लिहीत गेली. काचेवरचा आकडा पस्तीसच्या खाली उतरला.

"'बाळ'चा पत्ता ओळखीचा नाही," तिकू म्हणाला.

एक अक्षर सुटलं होतं! तिने ते घातलं.

"बाळ:तापमान, साडेछत्तीस. समजलं."

पेटी घुमू लागली. आकडा चढला, बाळाने मूठ हलवली आणि केतकी हमसून हमसून रडली.

तिचं रडणं ओसरल्यावर आजोबा म्हणाले, "पुढच्या महिन्यात मंगळावरची वसाहत आपल्या कागदाला जोडली जाणार. त्यांचं नेमस्पेस तू जाहीर करशील?"

"त्यांच्याकडे बाळं आहेत?"

"सात."

केतकीने डोळे पुसले. "करीन. पण तुम्ही शेजारी बसा. मी प्रत्येक अक्षर दोनदा वाचणार आहे."