तीन नंबरची घंटा

मेणबत्ती राहू दे मनाली, किडे येतात. लाइट यायला अजून वेळ आहे. पुढे कुठेतरी तारेवर फांदी पडली असणार. तीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्यात मी, एवढं कळतं. बसा सगळे ओटीवर.

तुम्ही पोरं कॉम्प्युटर शिकता म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर अर्धं कळणार नाही, आणि उरलेल्या अर्ध्यावर हसतील.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा धम्मदीप. मनालीचा काका लागतो. त्याचे वडील धर्माजी, शाळामास्तर. त्या घरात भूत, नजर, उतारा यातलं काही चालत नाही. आपल्याही घरात नाही. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि त्या मी मानतो. तेव्हा मी भुताची गोष्ट सांगतोय असं समजू नका. धम्मदीपने मला जे सांगितलं, ते सांगतोय. त्याला ते घरी सांगता आलं नाही, म्हणून मामाकडे आला.

तो पनवेलला एका कंपनीत आहे. त्याचं काम असं, की एखाद्या ठिकाणचे जुने, खडखडणारे कॉम्प्युटर असतात ना, ते जसेच्या तसे उचलून एका नव्या सर्व्हरमध्ये बसवायचे. खोका फेकून द्यायचा. आतलं सगळं तसंच चालू. तुम्ही काय म्हणता त्याला... हां, व्हर्च्युअल मशीन.

तर गेल्या वर्षीची दत्तजयंती. तिची रात्र.

मुरुडच्या पुढे खाडीच्या अंगाला मासळीचं एक कोल्ड स्टोरेज आहे. नाव सांगत नाही. थंडीच्या चार खोल्या. तिथले चार कॉम्प्युटर हलवायला धम्मदीप गेला होता. त्याआधीच्या दोन रात्री त्याने महाडला जागून काढल्या होत्या, आणि घरी मुलगी पाच महिन्यांची, रात्र रात्र रडणारी. तो म्हणाला, मामा, मी मोटरसायकल लावली तेव्हाच माझे पाय माझे राहिले नव्हते.

तीन मशीन बिनतक्रार गेली. चौथं अडलं.

आणि नेमकं तेच महत्त्वाचं. खोल्यांची थंडी तेच सांभाळायचं. शिवाय प्रत्येक खोलीत आतल्या बाजूला एक लाल बटण आहे. कुणी आत अडकलं तर दाबायचं, म्हणजे ऑफिसात घंटा वाजते आणि त्या खोलीचा दिवा लागतो. पण घंटा वाजवणार कॉम्प्युटर. तो बंद, तर घंटा मुकी.

धम्मदीपने त्याची पूर्ण नक्कल उतरवून घेतली, आणि त्यानंतर जुनी हार्ड डिस्क टिकटिक करत मेली. आता जे होतं ते नकलेत. नक्कल सुरू केली. काळा पडदा. त्यावर एक ओळ. बूट डिस्क सापडत नाही.

मॅनेजर निकेत अलिबागला होता. त्याचा फोन आला. "अहो, पहाटे कंटेनर लागणार आहे. थंडी उतरली तर माल नरम पडेल. एवढ्या बायकांनी चार दिवस बसून सोललेली कोळंबी आहे, फेकायची का ती?"

"करतोय सर," धम्मदीप म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात वॉचमन रावजी डोक्याला मफलर गुंडाळून दारात आला. "साहेब, देवळात पालखी हाय. जरा दर्शन करून येतो. समदे तिकडंच हायेत."

"जा की. मी आहे इथे."

"व्हय. एक आन दोन नंबरला माल हाय, चारला बी हाय. तीन नंबर रिकामीच असते. कडी घातलेली हाय तिला. तिकडं जायचं काम न्हाय तुमाला."

रावजी गेला. बाहेरचं फाटक नुसतं लोटून गेला. चांदणं लख्ख पडलं होतं. लांबून झांजा ऐकू येत होत्या. आणि तेवढ्या मोठ्या आवारात धम्मदीप एकटा.

त्याने एकेक करून पाहायला सुरुवात केली. मशीन आधी कुठे डिस्क शोधतं ते बदललं. तीच ओळ. मग लक्षात आलं, जुनं मशीन जुन्या पद्धतीने सुरू व्हायचं आणि नव्याला त्याने नवी पद्धत लावली होती. ती बदलली. आता विंडोजचं चिन्ह आलं. जीव भांड्यात पडला. आणि लगेच निळा पडदा.

"कंट्रोलर वेगळा असणार, आजोबा," मनाली म्हणतेय बघा. बरोबर आहे तुझं. तोही हेच म्हणाला. डिस्क समोर आहे, पण तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर आतल्या विंडोजकडे नाही. त्याने कंट्रोलर बदलून पाहिला. निळा पडदा. दुसरा लावला. काळा पडदा. शेवटी दुरुस्तीची डिस्क लावून तो ड्रायव्हर हाताने आत घालायला बसला. फाइली सरकत होत्या. त्याने डोकं टेबलावर टेकलं.

आणि घंटा वाजली.

तो दचकून उठला. पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. म्हणजे मशीन सुरू झालं! पडद्याकडे पाहिलं. दुरुस्ती अजून निम्म्यातच होती. काहीही सुरू झालेलं नव्हतं.

घंटा भिंतीवर होती. खाली चार दिवे. तीन नंबरचा लाल झालेला. त्याने वायर हातात धरून माग काढला. वायर भिंतीवरून खाली आली, टेबलाखाली गेली, आणि जुन्या कॉम्प्युटरच्या मागे घुसली. तो कॉम्प्युटर उघडा पडलेला. डिस्क काढलेली. विजेची पिन जमिनीवर.

त्याने निकेतला फोन लावला.

"सर, घंटा वाजतेय."

"अरे वा! झालं का सुरू?"

"नाही सर. मशीन बंदच आहे."



"कुठली खोली?"

"तीन."

 

"धम्मदीप, तुम्ही... तुमचं काम करा."

फोन ठेवला गेला.

तो पुन्हा खुर्चीत बसला. मला म्हणाला, मामा, मला भीती वाटायला हवी होती, पण तेवढंही त्राण नव्हतं. मी मनात म्हटलं, शॉर्ट सर्किट असेल. आधी हे होऊ दे, मग बघू.

घंटा वाजत राहिली. आणि ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं. बिघाड झालेली घंटा एकसारखी वाजते. ही तशी नव्हती. वाजायची... थांबायची. पुन्हा वाजायची, आधीपेक्षा थोडी कमी. मग आणखी कमी. दाबणारं बोट दमत चाललं होतं.

दमणं म्हणजे काय ते त्या रात्री त्याच्याएवढं कुणाला कळणार?

तो उठला.

बोळातून गेला. एक नंबर. दोन नंबर. तीन. कडी घातलेली होती. लोखंड गार. त्याने कडी काढली, दार ओढलं. पायांवर धुकं आलं. रिकाम्या खोलीतूनही थंडीचे पाइप जातात.

"कोण आहे?"

काही नाही.

मोबाइलचा उजेड टाकला. रिकामे रॅक. मागची भिंत. भिंतीवर लाल बटण. जवळ कुणी नाही.

मागे ऑफिसात घंटा वाजली. अगदी बारीक. टिण्... आणि बंद.

मग पुन्हा... टिण्.

आत जायचा धीर होईना. दार लावून परत फिरायचाही होईना. त्याने उजेड बंद केला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. दारात उभा राहिला, आणि अंधारात नुसता हात पुढे केला. उजवा.

"चला," तो म्हणाला. "दार उघडं आहे. चला."

घंटा थांबली.

काहीच नाही.

काहीच नाही...

मग त्याच्या हातात हात आला.

लहान. ओला. बर्फासारखा.

त्याने मान वळवली नाही. डोळे जमिनीवर ठेवले. चालायला लागला. हात धरलेलाच. बोळ लांब होता. मागची पावलं सावकाश पडत होती. ओढल्यासारखी. तिला चालवत नव्हतं. यालाही नव्हतं. मध्ये एकदा ती थांबली. हाही थांबला. दोघं उभी राहिली... मग पुन्हा निघाली.

ती, म्हणतोय मी. तेव्हा त्याला माहीत नव्हतं. पण हातात काकणं वाजत होती.

आवार ओलांडलं. फाटकाशी आला. डाव्या हाताने फाटक उघडलं. बाहेर रस्ता. चांदणं. झांजा.

हात सुटला.

तो तसाच उभा राहिला. किती वेळ... ते राहू दे.

परत आला तेव्हा पडद्यावर खोल्यांचे आकडे दिसत होते. मशीन सुरू झालेलं. कॉम्प्रेसरची घरघर चालू. आता इथे तुम्हाला वाटेल, तिनेच केलं. मीही त्याला तसं म्हटलं, तर चिडला माझ्यावर. "मामा, ड्रायव्हर मी घातला होता. ते माझं काम होतं. त्यात तिला आणू नका."

पालखी आटोपून रावजी आला. हातात सुंठवड्याची पुडी. बोळाच्या तोंडाशी थबकला. तीन नंबर सताड उघडी.

"कोनी उघडली?"

"मी. घंटा वाजत होती."

रावजी खाली बसला. भिंतीला टेकून, जमिनीवरच. पुडी तशीच हातात.

"सोनूबाई," तो म्हणाला. "कोलंबी सोलायला यायची. दोन वर्सं झाली. काम सुटायच्या टायमाला रिकामे ट्रे ठेवायला आत गेली, आन दार मागं बसलं, आतनं उघडंना. त्या राती बी ह्यो कॉम्प्युटर असाच अडला होता. काला पडदा. आमी समदे ह्याच्याभवती... तिनं बटण दाबलं असंल. दाबतच ऱ्हायली असंल. घंटा वाजलीच न्हाय. कोनाला वाटलं, ती घरी गेली. घरच्यांना वाटलं, कामाच्या जादा पालीला थांबली. सकाली..."

 

दोघं तिथेच बसून राहिले. पहाटे कंटेनर आला, माल भरला, गेला. तीन नंबरचं दार कुणी लावलं नाही. रावजी सांगतो, त्यानंतर घंटा वाजलेली नाही.

यावर एखादा म्हणेल, तीन रात्रींचं जागरण, माणसाला काहीही वाटेल. मीही तेच म्हटलं त्याला. झोप काढ, म्हटलं, चार दिवस. त्याने काढली. रजा घेतली, त्याच्या बायकोने, जयमालाने, मुलीला माहेरी नेलं, हा नुसता झोपला. बरा झाला. कामावर गेला.

पहिल्याच दिवशी हजेरीच्या मशीनने त्याचा अंगठा घेतला नाही.

पुसून लावला, धुऊन लावला. बाकीची बोटं लावली. उजव्या हाताचं एकही घेईना. डावा हात लावला, लगेच घेतला. मशीनचं त्यालाच कळतं म्हणून त्याने उघडून साफही केलं. नाही. डॉक्टरने मलम दिलं. अजून लावतो आहे.

मे महिन्यात तो पुन्हा इथे आला, तेव्हा मला हे सगळं सांगून झालं होतं. तुझ्या आजीला काही माहीत नव्हतं, मनाली. आम्ही जेवायला बसलो. किशोरी, तुझी आजी, वाढत होती. त्याने भाकरीसाठी हात पुढे केला, तर हिने तो हात धरला आणि उजेडात उलटा केला. लग्नाआधी ती मुरुडला मासळीच्या कारखान्यात जायची. दिवसभर बर्फाच्या पाण्यात बोटं, त्यांच्या रेघा झिजून गेल्या. आजही रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उठत नाही.

तिने त्याच्या बोटांच्या टोकांवरून आपला अंगठा फिरवला. पांढरी. गुळगुळीत. एक रेघ नाही.

आणि सहज विचारलं, "कोळंबी सोलायला कधीपासून जातोस रे?"