मनगटावरचा ढग

प्रयोगशाळेच्या पडद्यावर नववीच्या मुलींच्या मनःस्थितीच्या रेषा सरळ धावत होत्या. कुठे खळगा नाही, कुठे उंचवटा नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख पठाण मॅडमनी तीन महिन्यांपूर्वी सगळ्यांच्या दंडावरच्या शांतपट्ट्या काढायला लावल्या होत्या, तरी एकीचाही पाळीआधीच्या चिडचिडीचा त्रास परतला नव्हता. मुख्याध्यापिका देवणीकरबाई पेढे घेऊनच वर आल्या. पट्टीनं मुली कायमच्या बऱ्या झाल्या, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

सुचेता बिराजदारनं पेढा हातात नुसता धरून ठेवला. प्रवेशपरीक्षांसाठी नावाजलेल्या या शाळेत ती मुलींची संप्रेरकं मोजायची आणि आरोग्याचा तासही घ्यायची. पूर्वी त्या तासाला प्रश्नांची झुंबड उडे. पाळी जवळ आली की मला फळ्याचासुद्धा राग येतो, मी वेडी आहे का, असं एकीनं विचारलं होतं आणि वर्ग हसायच्या ऐवजी गप्प झाला होता. त्यानंतर मुलींनीच एक रीत पाडली. जिचे ते दिवस आले तिनं मनगटावर पेनानं ढग काढायचा. मग तिच्या वाटेला कुणी जायचं नाही.

सुचेताची जुई याच वर्गात. ढगाच्या दिवसांत ती दारं आपटायची, ताट सरकवायची आणि मग आईच्याच मांडीवर डोकं ठेवून रडायची. परीक्षा जवळ आली की जास्तच. अशानं पोरीचं कसं व्हायचं, या धास्तीनं सुचेताला झोप लागत नसे. म्हणून पठाण मॅडमनी शांतपट्टी तयार केली तेव्हा पहिली पट्टी तिनं स्वतःच्या हातानं जुईच्या दंडावर लावली होती.

देवणीकरबाई खाली गेल्यावर तिनं लाळेच्या तपासण्या मॅडमसमोर ठेवल्या.

"मॅडम, प्रोजेस्टेरॉन वर चढतच नाहीये. कुणाचंच."

मॅडमनी चष्मा काढला.

"अंडाशयातून बीज सुटलं तरच ते चढतं, सुचेता. मग उतरतं, आणि त्या उताराला मेंदू कुरकुरतो. पट्टी फक्त ती कुरकुर दाबायची."

"म्हणजे आता बीजच सुटत नाही?"

"ताण फार झाला की शरीर आधी हेच काम बंद करतं. मध्येमध्ये रक्त जातं, म्हणून कुणाला कळत नाही. बीज नाही, तर त्रास कुठला? आपण बरं केलं नाही गं त्यांना. असंच राहिलं तर पुढे हाडंसुद्धा ठिसूळ होतील."

ताण कुठून आला, हे दोघींनाही ठाऊक होतं. पट्टीमुळे जे दिवस मोकळे झाले ते शाळेनं जादा तासांनी भरले होते. पालकांच्या सभेत त्याला हात वर करणाऱ्यांत सुचेताही होती.

देवणीकरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पोरी हसतखेळत बसतात, कुणाची तक्रार नाही, मग तास कशापायी काढायचे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"एक तरी पालक येऊ दे माझ्याकडे."

"मी आलेय ना, बाई."

"तुम्ही पगारी आहात."

सुचेतानं जुईचे जादा तास तरी बंद केले. पण जुई तेवढाच वेळ घरी दार लावून अभ्यास करू लागली. भांडली नाही, रुसली नाही. बाकीच्या पुढे जातील, एवढंच म्हणाली. सुचेता ताटात तूप वाढायची, जबरदस्तीनं निजवायची, आणि मुलीनं एकदा तरी दार आपटावं म्हणून कान देऊन बसायची. दर आठवड्याची तपासणी मात्र तशीच कोरी येत होती.

मग एका संध्याकाळी जुई जेवायला बसली तेव्हा तिच्या मनगटावर निळ्या पेनाचा ढग होता.

सुचेताच्या हातातली पळी तशीच राहिली. एकदम तिला हसू आलं, रडूही आलं. तिनं जुईचा हात ओढून घेतला, ढगावरून अंगठा फिरवला.

"केव्हापासून गं? सांगितलं नाहीस मला."

"आज काढला. आरोग्यदिनाचं नाटक आहे ना. पट्टीच्या आधी मुली कशा असायच्या ते दाखवायचंय. मला मुख्य काम दिलंय." जुईनं शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. "पण मला जमतच नाहीये, आई. मी चिडायचे म्हणजे नेमकं काय करायचे? तू पाहिलंयस ना. जरा करून दाखव."