चौकातला हिरवा फलक

"आजही हिरवा!" सतत वाद घालतो म्हणून पोरं ज्याला वकील म्हणायची, तो चौकातल्या फलकाकडे बोट दाखवत ओरडला आणि लगेच खोकत सुटला. "हवा उत्तम, म्हणे! याच्यावर खटलाच भरायला हवा!"

"भर, भर! आधी श्वास तर भरून घे!" त्याचा मित्र म्हणाला. सगळ्यांच्या पुढे धावतो म्हणून त्याचं नाव घोडा.

त्यांच्या मैत्रिणीला, मोठीला, हसायचंही त्राण नव्हतं. थंडीची सुट्टी लागून आठ दिवस झाले होते आणि आठही दिवस ती आणि आई आळीपाळीने धाकटीच्या उशाशी बसल्या होत्या. सात वर्षांची धाकटी, पण दोन पावलं टाकली की धापा टाकायची. वाफ दिली की तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या! आई तर उभ्या उभ्या पेंगायची. काल तिने चहात मीठ घातलं आणि तो चहा सगळ्यांनी मुकाट्याने संपवला.

फलक लाल झाला की शहरातल्या भट्ट्या बंद ठेवायच्या, असा नियम होता. पण तो लाल होईल तर ना! डॉक्टरसुद्धा फलकाचाच दाखला द्यायचे. "हवा चांगली आहे, घरातली धूळ झाडा," म्हणायचे. आईने घर तीनदा झाडलं होतं.

"हा फलक आकडे आणतो तरी कुठून?" मोठीने विचारलं.

"यंत्राकडून," वकील म्हणाला. "पूर्वी ते इथेच, टपाल कचेरीच्या गच्चीवर होतं. उन्हाळ्यात टेकडीवर नेलं, पाण्याच्या टाकीपाशी."

"मग चला टेकडीवर!"

शहर चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं, खोलगट कढईसारखं. चढताना मोठी आणि वकील रडतखडत चालले होते, घोडा मात्र पुढे पळाला होता. निम्म्या वाटेवर घोड्याने चक्क स्वेटर काढला.

"वर गार व्हायला हवं ना? इथे तर उकडतंय!"

"चढून घाम आला असेल," वकील म्हणाला.

"दहा मिनिटं तुमची वाट बघत बसलोय मी इथे! कसला घाम?"

माथ्यावर लख्ख ऊन होतं, निळं आकाश होतं. मोठीने वळून खाली पाहिलं आणि ती बघतच राहिली. शहर दिसतच नव्हतं! भट्ट्यांचा धूर सरळ वर यायचा आणि एका उंचीवर अडून आडवा पसरायचा. त्याचा करडा थर डोंगरापासून डोंगरापर्यंत पसरला होता.

"कढईवर झाकण ठेवलंय कुणीतरी!" घोडा म्हणाला.

"आणि धाकटी झाकणाखाली आहे," मोठी म्हणाली.

टाकीपाशी यंत्रवाले काका मायेने यंत्र पुसत होते.

"काका, हे इथे का आणलं?"

"अरे, खाली थंडीत दर दोन दिवसांनी याची गाळणी काळीकुट्ट व्हायची! बदलून बदलून जीव मेटाकुटीला आला. इथे बघा, महिनाभर पांढरीशुभ्र! आमच्या खात्याच्या साहेबबाईंनी पाठ थोपटली माझी!"

वकिलाने वाद घालायला तोंड उघडलं. मोठीने त्याला करकचून चिमटा काढला. वाद घालून काका जागचे हलले नसते.

"काका, खाली गाळणी एवढी काळी होते हे बाईंनी कुठे पाहिलंय? एकदा त्यांच्यासमोर लावून दाखवा ना! मग कळेल त्यांना तुमचे किती हाल व्हायचे ते."

काका खूश झाले. "हे बाकी खरं बोललीस हं पोरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र गच्चीवर चढलं. साहेबबाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. तासाभरात फलक पिवळा झाला, मग नारिंगी, आणि मग लालभडक!

"हुर्रे!" तिघंही ओरडली आणि एकदमच खोकली.

"बघा बाई, आत्ताच करडी पडली!" काकांनी अभिमानाने गाळणी पुढे केली.

बाईंनी गाळणी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "पण उन्हाळ्यात दोन्हीकडचे आकडे सारखेच आले होते," त्या पुटपुटल्या.

"तेव्हा वारा असतो!" अखेर वकिलाला बोलायला मिळालं. "थंडीत गार हवा खाली साचते आणि ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. धूर जाणार कुठे? वर तर या घोड्याने स्वेटर काढला!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे... मी गाळणी वाचवली आणि पोरांच्या छातीची गाळणी केली?"

मग बाई म्हणाल्या, "चूक माझीही आहे. पाठ थोपटताना विचार करायला हवा होता. शाब्बास, पोरांनो! भट्ट्या आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगते."

भट्ट्या बंद झाल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मोठीने आईला सगळं सांगितलं. "गुणाची गं माझी..." आई म्हणाली आणि पुढचं वाक्य राहिलंच. बसल्या जागी तिला गाढ झोप लागली होती.

मोठीने दार हलकेच लोटून घेतलं. बाहेर धाकटी तीन जिने धावत उतरून खाली पोचली होती आणि तिथून ओरडत होती, "ताई, ये ना लवकर!"

एवढं ओरडूनही तिला धाप लागली नव्हती. मोठी तिथेच पायरीवर बसली आणि इतक्या दिवसांचं सगळं रडू तिला एकदम आलं.