शेजारच्या सीटचं वजन

निरीक्षकबाईंना बसल्याजागी झोप यायची. चार वाजून गेले, पाठ टेकायला जागा मिळाली आणि आजूबाजूला फार गलका नसला, की संपलंच. स्वतःच्या लग्नात, फोटोवाला समोर उभा असताना त्यांनी डुलकी काढली होती, आणि हा किस्सा घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला जायचा. त्यासुद्धा हसायच्या. बदलीचा कागद आला त्या दिवशी मात्र त्या किश्श्यावर कुणी हसलं नाही.

बाई वजनमाप खात्यात होत्या. दुकानातले तराजू, पेट्रोलपंपाची मापं, ट्रक तोलायचे मोठाले वजनकाटे, ही सगळी मंडळी खरं बोलतात की नाही ते बघायचं त्यांचं काम. नवं कार्यालय घरापासून शहाण्णव किलोमीटरवर होतं. आधीचे निरीक्षक त्याच रस्त्यावर गाडी चालवता चालवता पेंगले, गाडी चरात गेली आणि त्यांचा पाय मोडला. जागा रिकामी झाली ती त्यामुळेच.

"तिकडेच खोली घे," नवरा म्हणाला. घराखालीच त्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे जिन्यापलीकडच्या प्रवासाची त्याला एकूणच धास्ती. "शनिवार-रविवार येत जा."

"आणि चिऊला आई आठवड्यातून दोनच दिवस?" चिऊ सहा वर्षांची होती.

"दोन दिवस का होईना, धडधाकट आई मिळेल."

बाई म्हणाल्या, "महिनाभर जाऊन-येऊन बघते. एकदा जरी डोळा लागला, तरी तुला येऊन सांगेन आणि दुसऱ्या दिवशी खोली घेईन." मापात खोट काढणाऱ्या बाईचा शब्द होता तो. नवऱ्याने मान्य केलं.

प्रश्न गाडीचा होता. घरची मोठी गाडी हलवता येण्यासारखी नव्हती. सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. ते हल्ली जायलाही कुरकुरायचे, ताटातलं अर्धं तसंच ठेवायचे. "किती दिवस माझ्यामागे धावणार?" म्हणायचे. तेव्हा दुसरी गाडी हवी. जुनी चालेल, लहान चालेल, ब्रेक खणखणीत हवेत आणि पेट्रोल बेताने पिणारी हवी.

तीन गाड्या बघून झाल्या. पहिलीचा मालक गाडीपेक्षा स्वतःचंच कौतुक जास्त करत होता. दुसरीत बसल्यावर पाय दुमडून हनुवटीशी येत होते. तिसरी सुरूच झाली नाही, आणि मालक म्हणाला की कालपर्यंत तर होत होती.

चौथी एका निवृत्त गृहस्थांची होती. औषधं विकायला आयुष्यभर गावोगाव फिरलेले. गाडी राखाडी, नऊ वर्षांची, आतून बाहेरून लख्ख. बाईंनी दार उघडून आत डोकावलं. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा नीट अडकवलेला होता.

"हा का लावलाय?"

"सवय," गृहस्थ म्हणाले.

"पेट्रोल किती खाते?"

"पुस्तकात लिहिलंय त्याहून कमी. कसं ते मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही." त्यांनी चावी दिली. मग वाकून त्या पट्ट्याचं बटण दाबलं आणि पट्टा हाताने धरून हळूच मागे जाऊ दिला. "आता तुमचं तुम्ही ठरवा."

पहिल्या आठवड्यातच बाई बुचकळ्यात पडल्या. टाकी भरायची, किलोमीटर मोजायचे, पुन्हा भरायची. खात्याचं पाच लिटरचं तांब्याचं माप त्यांच्याकडेच असायचं, त्यामुळे पंपावर संशय घ्यायची सोयच नव्हती. लिटरमागे एकवीस द्यायला हवे होते. गाडी सव्वीस देत होती.

"अगं, मग पेढे वाट," नवरा म्हणाला.

"फुकट कुणी काही देत नाही रे," बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

दुसरी गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली नाही. परतताना साडेपाचच्या सुमाराला लांबच लांब सरळ रस्ता लागायचा. ऊन तिरपं, दोन्हीकडे सारखीच झाडं, एंजिनाचा एकसुरी आवाज. पापण्या जड व्हायला लागल्या, की टिंग, टिंग, टिंग. शेजारचा पट्टा लावलेला नाही म्हणून गाडी बोंब मारायची. सीटवर पर्ससुद्धा नसायची. बाई खडबडून जाग्या व्हायच्या आणि आवाज बंद व्हायचा.

मेकॅनिकने सीट उचकटली, वायर तपासली, सीटवर स्वतः बसून पाहिलं. "काही बिघाड नाही, ताई. कुणी बसलं तरच वाजतंय."

तो सहज म्हणाला. बाईंना मात्र ते वाक्य घरापर्यंत पुरलं.

खडीच्या खाणीवरचा वजनकाटा तपासायचा दिवस आला. सरकारी तपासणी प्रमाणित वजनं ठेवून व्हायची, ती झाली. काटा पाच-पाच किलोंच्या टप्प्याने वजन दाखवायचा आणि अगदी बरोबर होता. त्यानंतर बाईंची एक खासगी खोड होती. स्वतःची गाडी काट्यावर घालून बघायची. गाडी, त्या स्वतः, टाकीतलं पेट्रोल, मागे ठेवलेली वजनांची पेटी. सगळं मिळून आठशे ऐंशी यायला हवं होतं.

नऊशे पस्तीस आलं.

केबिनमधून काटेवाले काका ओरडले, "ताई, जोडीला कोण आहे त्यांनाही उतरवा ना!"

काच उन्हाने चमकत होती. काकांना आतलं काही दिसत नव्हतं. ते नुसता आकडा वाचत होते.

त्या दिवशी बाईंनी आणखी दोन काटे गाठले. एक लाकडाच्या वखारीतला, एक भंगारवाल्याचा. दोन्हीकडे पंचावन्न किलो जास्त. तीन काटे मिळून एकच खोटं बोलत नाहीत, हे त्यांना वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. आणि वजन वाढलं की पेट्रोल जास्त लागतं, हे शाळेनेच. इथे वजन वाढलं होतं आणि पेट्रोल कमी लागत होतं.

भंगारवाल्याचा काटा गाडीएवढाच रुंद होता. त्या गाडीतून उतरून थेट जमिनीवर आल्या. काट्याच्या पाटीवरचा आकडा आठशे पंचाहत्तरवर आला. त्यांचे स्वतःचे साठ गेले.

आवारात कुणी नव्हतं. पत्र्याच्या ढिगावर एक कावळा बसला होता.

बाई गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि धरून उभ्या राहिल्या. आपण काय करतोय याची त्यांना लाज वाटत होती.

"उतरता का जरा?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग गाडी किंचित वर उचलली गेली.

आकडा आठशे वीस.

चावी तिथेच टाकून बस पकडावी, असंही बाईंच्या मनात येऊन गेलं. पण बस पकडली तर चिऊ झोपायच्या आत घर नव्हतं, आणि उद्यापासून खोलीच. शिवाय एक गोष्ट त्यांना नाकारता येईना. बारा दिवसांत गाडी चालवताना त्यांच्या पापण्या एकदाही मिटल्या नव्हत्या, आणि त्यात त्यांची स्वतःची कर्तबगारी काडीची नव्हती.

"बसा," त्या म्हणाल्या.

आकडा वाढला. त्यांनी दार जपून लावलं, आत येऊन बसल्या, आणि हात लांबवून शेजारचा पट्टा अडकवला. पट्टा सैल पडला नाही.

परतताना सरळ रस्ता आला. ऊन, झाडं, एकसुरी आवाज. आता पट्टा लावलेला होता, म्हणजे वाजायचं कारण उरलं नव्हतं. पापण्या जड झाल्या. तेवढ्यात शेजारी खट्कन बटण सुटलं आणि टिंग, टिंग, टिंग सुरू झालं. बाईंना रडू आलं आणि हसूही आलं.

"जागी आहे हो, जागी आहे," त्या म्हणाल्या.

घरासमोर गाडी लावली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. आपण घरी कुणाला आणतोय, हा प्रश्न होताच. पण इतक्या लांबून सोबत आलेल्या माणसाला गाडीतच बसवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी शेजारचं दार उघडलं, थोडा वेळ धरलं आणि लावलं. तो गुरुवार होता.

शुक्रवारी काट्यावर आठशे ऐंशी आलं. चोख, पाच किलोंचासुद्धा फरक नाही. बाईंना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांचा चेहराच उतरला. येताना त्यांनी दोनदा गाडी थांबवून तोंडावर पाणी मारलं आणि सबंध सरळ रस्ता मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणत काढला. घरी पोचल्या तेव्हा घसा बसला होता, पण शब्द मोडला नव्हता.

जेवायच्या टेबलावर नवरा खुशीत होता. "निरीक्षकबाई, तुमचं खातं झोपलंय का? आज हॉस्पिटलच्या काट्याने कमाल केली."

डायलिसिसच्या आधी बाबांचं वजन करायचे. नेहमी एकसष्टच्या आसपास. आज काट्याने एकशे सोळा दाखवलं. नर्सने दुसरा काटा आणला, त्यावरही एकशे सोळा. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, "थांब जरा," आणि मग एकसष्ट आलं.

"आणि ऐक," नवरा म्हणाला, "बाबा फाटकापासून बेडपर्यंत चालत गेले. चाकाची खुर्ची नको म्हणाले. काठीसुद्धा गाडीत विसरले."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. बाबांनी ताट स्वच्छ केलं होतं आणि पुन्हा भात मागत होते. शेजारची खुर्ची त्यांनी थोडी मागे ओढून ठेवली होती. चिऊ तिच्यावर बसायला गेली तेव्हा ते म्हणाले, "इकडे ये, माझ्या मांडीवर बस."

"काय झालं, बाबा?" बाईंनी विचारलं.

"काही नाही गं. बरं वाटतंय. कितीतरी दिवसांनी बरं वाटतंय."

सोमवारी सकाळी बाई निघाल्या. बाबा फाटकापर्यंत आले, काठीशिवाय, उजवा हात शरीरापासून जरा दूर धरून. गाडीविषयी बाईंनी घरात कुणालाही अवाक्षर सांगितलं नव्हतं.

बाबांनी शेजारच्या सीटचं दार उघडलं. थोडा वेळ तसेच थांबले. गाडी किंचित खाली बसली. मग त्यांनी वाकून पट्टा ओढला, अडकवला आणि दार हलकेच लावलं.

"आजचा दिवस मी सांभाळेन माझं," ते काचेतून म्हणाले. बाईंकडे बघून नव्हे. मग हात वर करून म्हणाले, "जपून जा गं दोघी. आणि संध्याकाळी लवकर या."