जजसाहेबांनी सोडलेला खटला

पोरींनो, तुमचे आजोबा आमच्या गावात यायच्या आधी त्यांची टोपी आली. इलिनॉयचं वारं ते! अंगणात सफरचंदाचा मुरंबा उकळत होता, टोपी थेट त्यात. मागोमाग घोड्यावरून हे. उंच, सडसडीत, कान लालबुंद.

"बाई, माझी टोपी...?"

"शिजतेय. थांबा, अजून गोडी उतरायचीय."

हसले. काय हसले गं! मुरंबा खाली लागला, तरी माझ्या हातातला डाव हलेना...

अल्फियस थॉर्न त्यांचं नाव. आधी राज्याच्या विधानसभेत होते. ओढ्यावर पूल हवा म्हणून एवढं लांब भाषण ठोकलं, की ते संपेपर्यंत ओढाच आटला! मग लोकांनी निवडून जज केलं. घोड्यावरून गावोगाव कोर्ट भरवायचे. आमच्या गावची पाळी आली, की मुक्काम माझ्या आईच्या खानावळीत.

"लव्हिनाबाई, मक्याच्या पावाचा अजून एक तुकडा...?"

"जजला लाच देत नाही मी."

"मग उपाशी माणसाला द्या."

द्यायचे मी. लोणी जरा जास्तच लावून.

अशात वडलांनी मला ठेवलेल्या बागेवर शेजारच्या हचिन्सनं दावा लावला. खटला आला नेमका ह्यांच्यापुढे. मी निर्धास्त!

आणि हे खुर्चीवरून उठले की हो. "हा खटला मी चालवू शकत नाही. माझं मन आधीच एका बाजूला झुकलंय."

"कोणत्या?" हचिन्सचा वकील, मुद्दामच.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं... अख्खं कोर्ट खाकरलं. मी मात्र पेटले.

खटला दुसऱ्या जजकडे गेला. अर्धी बाग गेली.

हिवाळा सरत आला होता. ताबा द्यायच्या आधी मी हचिन्सकडे जाणाऱ्या झाडांच्या काड्या कलमांसाठी कापत होते. हे आले.

"बोलणार नाहीस?"

"गप्प बसला असतात तर बाग वाचली असती."

"वाचवलीच असती मी. हचिन्सचं एक अक्षर न ऐकता. म्हणून तर उठलो, लव्हिना."

मी आणखी एक काडी कापली. राग होता... पण ह्यांच्या बोलण्यात खोटं काही सापडेना. शोधलं मी, अगदी कसून!

"फांदी धरा," मी म्हटलं. "नीट. मोडेल."

धरली. "मग... माझा निकाल?"

"पुढच्या तारखेला."

"तारीख कधी?"

"रविवारी. चर्चमध्ये. आणि बरा कोट घालून या!"