आठातले चार

स्पेअरपार्टच्या दुकानाच्या पायरीवर तिने पाय ठेवला न ठेवला, तोच मागून काळ्या धुराचा लोळ आला आणि तिचा पांढरा कोट बघता बघता करडा झाला. ती वळली. एक जुनी जीप गचके खात, खोकत आली आणि तिच्याच जीपशेजारी बंद पडली. अगदी तशीच जीप... तीच उंच चाकं, तेच चौकोनी तोंड, रंग तेवढा निराळा. मागे लाकडी पेट्या रचलेल्या.

"फार धूर झाला का हो?" खाली उतरलेल्याने विचारलं. केसांत गवताची काडी अडकलेली, आणि डोळे असे की रागवायला निघालेल्या माणसाने वाक्यच विसरावं.

"छे! कोट धुवायचाच होता," ती म्हणाली. "तुमच्या गाडीला अपचन झालंय. काय खायला घातलंत तिला?"

"तुम्ही डॉक्टर?"

"गुरांची."

"मग योग्य दारात आलो. ही बया गुरासारखीच अडून बसते."

तिने हसू दाबलं. पण ते दाबलेलं त्याला दिसलंच.

दुकानाचे मालक काका, सगळ्या गावाचेच काका. त्यांनी बॉनेट उघडून नुसतं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, दुसऱ्याच इंजिनाचे इंजेक्टर घातलेस की! भोकात बसले म्हणजे चालले असं असतं का? तान्ह्या बाळाला घागरीने पाजावं, तसं पेट्रोल ओतताहेत ते."

"मला वाटलं, जास्त पेट्रोल म्हणजे जास्त जोर."

"जास्त धूर!" काका आणि ती एकदमच म्हणाले.

तो मधवाला होता. बहर जिकडे, तिकडे मधमाशांच्या पेट्या घेऊन जाणारा. घाटापलीकडच्या दरीत फुलं उमलू लागली होती आणि त्याला तिथे पोचायचं होतं. तिचंही दुखणं तेच. तिच्या जीपचे इंजेक्टर तुंबले होते, चढावर गाडी दम सोडायची. वरच्या वाडीत मेंढ्यांमध्ये साथ लागली होती आणि लस बर्फाच्या डब्यात तयार होती.

काकांनी फळीवरून एक खोका काढला. "या इंजिनाच्या मापाचा एकच सेट उरलाय. जुनं मॉडेल, आता कोण ठेवतंय? दुसरा मागवायचा तर महिना धरून चाला."

दोघांचे हात एकदमच खोक्यावर पडले. तिने आपला झटकन मागे घेतला... मग पुन्हा पुढे केला.

"मी आधी आले होते."

"धूर आधी आला होता," तो म्हणाला. "बरं, भांडण नको. दोन तुम्ही घ्या, दोन मी."

"खबरदार!" काका कडाडले. "चारी एकसारखे लागतात. दोन नवे, दोन जुने घातलेस तर निम्मं इंजिन तुडुंब आणि निम्मं उपाशी. नीट चालेल कसं?"

"मग तुमच्या पेट्या मी पोचवू का?" तिने विचारलं. विचारून स्वतःच दचकली.

"लस आणि माशा एका गाडीत? एक खड्डा आला की माशा तुम्हाला डसतील आणि घाबरून तुम्ही मला टोचाल."

या वेळी ती मोकळेपणी हसली. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याने खोका हलकेच तिच्यापुढे सरकवला.

"घेऊन जा. माझ्या माशांना पंख आहेत, इथंतिथं पोट भरतील. तुमच्या मेंढ्यांना कुठले पंख?"

एवढंच. उपकाराचा आव नाही, काही नाही. तिने खोका उचलला.

नवे इंजेक्टर घातलेली जीप घाट अशी चढली, जणू उतारच आहे. वाडीतल्या मेंढ्यांना लस टोचून झाली. म्हाताऱ्या धनगरणीने तिच्या तोंडावरून हात फिरवला. सगळं देवाच्या दयेने सुरळीत पार पडलं, आणि तरी परतताना तिचं मन कशात लागेना. इंजिनाचा तो संथ, एकसारखा आवाज ऐकला की वाटायचं, हा आवाज त्याचा होता. आपण घेऊन आलो.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्याच्या पेट्या मांडलेल्या होत्या. आसपास फुलं म्हणाल तर कुंपणावरच्या एका वेलीची, तीही मूठभर. तो पातळ पाक करून माशांना पाजत होता.

"आल्या का डॉक्टरीणबाई? मेंढ्या काय म्हणतात?"

"बऱ्या आहेत. तुमच्या माशा?"

"रुसल्यात. मालकाने फुलांचं कबूल केलं आणि पाक पाजला."

तो हसत होता, पण पेटीवर ठेवलेला त्याचा हात हसत नव्हता. बहर सरला तर त्याचं वर्ष कोरडं जाणार, हे तिला न सांगताच कळलं.

ती तडक काउंटरवर गेली. "काका, माझे काढलेले जुने चार कुठंयत?"

"भंगारात. का गं?"

"आणि यांचे मूळचे?"

"माझ्याकडेत," मागून तो म्हणाला आणि खिशातून मधाची रिकामी बाटली काढली. आत चार इंजेक्टर, चिंधीत गुंडाळलेले.

"कळपात साथ आली म्हणून सगळ्या मेंढ्या आजारी नसतात," ती म्हणाली. "वेगळ्या काढून बघाव्या लागतात. आठ आहेत. चार धडधाकट, एकसारखे निघाले तर?"

काका चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. "पोरी, हे मला सुचायला हवं होतं."

आठही इंजेक्टर धुतले, रबरी कड्या बदलल्या आणि एकेक करून चाचणीच्या बेंचवर लावायला घेतले. प्रत्येकाखाली काचेची उभी नळी. कळ दाबली की बारीक फवारे सुटायचे... धुक्यासारखे. एकातून नुसती धार लागली, तो बाद. एक ठिबकत राहिला, तोही बाद. दोघांची पातळी रेघेपर्यंत पोचलीच नाही, तेही बाद. नळ्यांच्या पलीकडे तो बसला होता. काचेतून त्याचा चेहरा लांबट दिसत होता.

"काय बघताय?" त्याने विचारलं.

"पातळी."

"पातळी खाली आहे. तुम्ही वर बघताय."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "काका, यांना बाहेर बसवा."

"तूच बस नीट," काका म्हणाले. "मला त्या रेघा दिसत नाहीत. तू सांगशील ते खरं."

तीन जुळले. दोन त्याचे, एक तिचा. चौथ्यासाठी शेवटचा इंजेक्टर लावला. तोही तिच्याच गाडीचा. नळी हळूहळू भरू लागली.

आणि तेव्हा तिला कळलं, आपण काय करतोय ते. हा जुळला की जीप सुरू होणार. जीप सुरू झाली की तो घाटापलीकडे जाणार. 'थोडा कमी आहे' एवढं म्हटलं, की नवा सेट येईपर्यंत तो इथंच. कुणाला कळणारसुद्धा नाही... एकट्या देवाला सोडून.

पातळी रेघेवर येऊन थांबली. अगदी रेघेवर.

"बरोबर आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "चारी जुळले."

तो आनंदाने उठला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून तसाच उभा राहिला.

दुपारी इंजिन सुरू झालं. धूर नाही, खोकला नाही. काकांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तिने किल्ल्या उचलल्या, चार पावलं गेली आणि परत आली.

"निघालात?"

"आता नाही. माशा बाहेर गेल्यात, संध्याकाळी घरी येतील तेव्हाच पेट्यांची दारं लावायची. बसता?"

ती बसली. उन्हं उतरली. एकेक माशी परतू लागली. तो गवताच्या काडीशी चाळा करत होता.

"पलीकडच्या दरीत मध भरपूर," तो म्हणाला. "पण घाटाच्या अलीकडे, वाडीच्या उतारावरही फुलं आहेत म्हणे. जरा कमी..."

"आहेत. मी बघितलीत."

"तुमची फेरी तिथं दर आठवड्याला असते, असं काका म्हणत होते."

"काका फार बोलतात."

"मीच विचारलं." त्याने काडी टाकून दिली. "कुठं लावू पेट्या? तुम्ही सांगाल ते खरं."

जन्मभर ती दुसऱ्यांना काय हवं तेच विचारत आली होती. आज कुणीतरी तिला विचारत होतं. तिने डोळे मिटले, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"अलीकडे," ती म्हणाली.

"काय?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"आलंय हो. पण एकदा ऐकून पोट भरलं नाही."

"अलीकडे लावा," ती म्हणाली. या वेळी त्याच्याकडे बघून. "आणि पुढच्या बहराला लांब जायचं झालं, तर... मेंढ्या तिकडंही असतातच."

शेवटची माशी केव्हाच आत गेली होती. दार लावायचं मात्र त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.