सात नंबरची टिकली

जगातल्या प्रत्येक माणसाला आपलं घर सापडावं म्हणून नियतीने कुठे ना कुठे एक खूण करून ठेवलेली असते. कारंज्याला मारोतराव सरांच्या टायपिंग क्लासात मात्र सात नंबरच्या मशीनवरची ती खूण झिजून गेली होती, आणि नियतीकडे स्पेअर पार्ट नव्हता.

खूण म्हणजे कीबोर्डच्या एफ आणि जे या बटणांवरचा बारीक उंचवटा. न पाहता दोन बोटं त्यावर टेकवली, की बाकीची बोटं आपसूक आपापल्या जागी बसतात. मारोतराव त्याला टेंगूळ म्हणत. पोरांनी खाली पाहू नये म्हणून त्यांनी प्रत्येक कीबोर्डला जुन्या उशीच्या अभ्र्याची खोळ चढवली होती. हात खोळीत, नजर कागदावर. “टेंगूळ धरा अन् पळा!” एवढंच त्यांचं अध्यापनशास्त्र.

“उठता काय? माही बॅच सुरू झाली.”

सात नंबरवर बसलेल्या हरीओमने मान वर केली आणि उठायचं विसरला. समोर ओली छत्री, जीपमध्ये चुरगळलेली ओढणी, आणि कपाळावर मरून टिकली… जरा तिरकी. ती कामरगावची ज्योत्स्ना. मशीन एकच, बॅच पाठोपाठ.

“हे मशीन नका घेऊ,” तो म्हणाला. “उजव्या हाताचं टेंगूळ गेलं याचं.”

“मंग तुमी काहून घेतलं?”

“मले कोणी सांगतलंच नाही.”

“मले तुमी सांगतलं. आता उठा.”

दुसऱ्या दिवशी हरीओमने खोळीत हात घातले आणि उजवं बोट थबकलं. जे वर काहीतरी मऊ होतं, मखमली. खोळ उचलून पाहिलं — मरून टिकली! एकावर एक दोन चिकटवलेल्या. त्या दिवशी त्याने एकही ओळ धड टाइप केली नाही, पण बोट जागचं हललं नाही.

मग बॅच बदलताना बोलणं होऊ लागलं. विषय शुद्ध शैक्षणिक: कुठल्या कीबोर्डला कसलं टेंगूळ.

“आमच्या सेतू केंद्रावर रेघ हाय,” हरीओम म्हणाला. तो तिथे दाखल्यांचे अर्ज भरायचा. “आडवी. जाड.”

“माह्या मामाच्या लॅपटॉपवर टिंब हाय. मोहरीवानी. सापडता सापडत नाही.”

“अन् इथं टिकली.”

“कोणतं बरं वाटते?”

“टिकली…” तो खिडकीकडे पाहत म्हणाला. “बोट हालवावंसंच वाटत नाही.”

“मंग स्पीड कसा वाढन?”

“नाहीच वाढून राह्यला.”

ज्योत्स्ना खोळीत हात घालून खाली मान घालून हसली. मारोतराव लांबून ओरडले, “नजर कागदावर!”

तिला स्पीड वाढवणं भाग होतं. शनिवारच्या चाचणीत जो पास होईल, त्यालाच सर या खेपेच्या सरकारी परीक्षेला बसवणार होते. आणि नानाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सांगून टाकलं होतं, “या खेपेले नाही झालं तं क्लास बंद. पोरगी जीपमंदी जाते अन् जीपमंदी येते, मधात काय करते ते मले समजून नाही राह्यलं.” क्लास बंद म्हणजे नोकरीची वाट बंद. आणि सात नंबरही बंद, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी हरीओमची बॅच संपली. त्याने खोळीतून हात काढला, तर घामाने टिकली बोटालाच चिकटून आली. दारात ज्योत्स्ना उभी. त्याने घाईघाईने हात पुन्हा आत घातला, टिकली दाबून बसवली आणि उठला.

चाचणी झाली. मारोतरावांनी तिचा कागद हातात घेतला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या जागच्या जागी. अक्षरं मात्र घर सोडून शेजाऱ्याकडे राहायला गेलेली.

“ज्योत्स्ना, हे कोणत्या भाषेत हाय व?”

तिचे डोळे भरून आले. तिने खोळ उचलली आणि पाहत राहिली. टिकली जे वर नव्हती. शेजारच्या के वर होती. काना-मात्रा डाव्या हाताकडे, अक्षरं उजव्याकडे; आणि सारा उजवा हात एक घर सरकला होता.

चूक कोणाची, हे कोणालाच कळलं नसतं. हरीओम तिच्या निकालासाठी दारात रेंगाळला होता. तिथून गुपचूप जिना उतरता आला असता. तो आत आला.

“सर… टिकली मी लावली.”

सगळ्या नजरा कागदावरून उठल्या.

“कोणाले?” मारोतराव म्हणाले.

“सात नंबरले.”

पहिल्यांदा मागच्या ओळीतली रीता फिसकन हसली, मग सगळाच क्लास. मारोतराव हसले नाहीत. सात नंबरवर बसले, डोळे मिटले आणि खोळीत बोट फिरवलं. डोळे उघडले तेव्हा ते जरा ओशाळले होते. टेंगूळ धरा म्हणून रोज ओरडायचं, आणि टेंगूळ आहे की नाही ते कधी पाहायचं नाही!

“टिकली जागेवर लाव, पोरी. पुन्हा चाचणी. अन् तू रे, फेविक्विक आण. ज्याचं ज्याचं झिजलं त्याच्यावर एकेक थेंब ठेव, वाळला का झालं टेंगूळ.”

ज्योत्स्ना पास झाली. हरीओमची तीन मशीनं झाली आणि दोन बोटं एकमेकांना चिकटली.

दुसऱ्या चाचणीपायी जीप निघून गेली होती. स्टँडवर कामरगावची एसटी लागायची होती. ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “टिकली लावताना पाहून कुठं राह्यले होते?”

“दाराकडे.”

“दारात काय होतं?”

“तुमी.”

गाडी आली. लोक धावले. ती धावली नाही. हरीओमने खिशातून टिकल्यांचं नवंकोरं पाकीट काढलं. चमचम खड्यांच्या टिकल्या, दुकानातल्या सगळ्यात भारी.

“मी म्हनतो… आता मशीनसाठी नाही. तुमच्यासाठी. जन्मभर आणून देईन म्हनतो… तुमी हाव म्हनसान तं.”

कंडक्टरने घंटी दिली. ज्योत्स्नाने पाकीट घेतलं, पायरीवर पाय ठेवला आणि वळली.

“हाव,” ती म्हणाली. गाडी हलली. दांडा धरून तिने मान बाहेर काढली —

“पण खड्याच्या नका आणत जाऊ. बोटाले टोचतात!”